विस्मय आणि कृतज्ञता : बालकवी, बहिणाबाई आणि महानोर यांची निसर्गदृष्टी

प्रास्ताविक

मराठी निसर्गकवितेचा अभ्यास बहुधा निसर्गवर्णन, मानवीकरण, प्रतिमासृष्टी आणि छंद या अंगांनी केला जातो. कवितेतील आनंद आणि विस्मय यांची नोंदही त्यात होते. परंतु निसर्गाविषयीचा विस्मय आणि त्याच्याविषयीची कृतज्ञता या दोन वृत्ती एकच आहेत की भिन्न, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारात घेण्याजोगा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात विस्मय हा अद्भुतरसाचा स्थायीभाव म्हणून मान्यता पावलेला आहे. आठ स्थायीभावांत कृतज्ञतेला मात्र स्थान नाही. कृतज्ञता या शब्दाची फोडही अर्थपूर्ण आहे. केलेले जाणणारा तो कृतज्ञ. म्हणजे विस्मय अज्ञाताच्या दर्शनाने जागा होतो, तर कृतज्ञतेला ज्ञानाची पूर्वअट आहे. मग निसर्गाचे व्यवहार जितके अधिक कळावेत तितका विस्मय ओसरतो काय? आणि कृतज्ञतेचा सूर लावणारी कविता कष्टकऱ्याच्या हालांवर पांघरूण घालते काय?

प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने बालकवी, बहिणाबाई चौधरी आणि ना. धों. महानोर यांच्या कवितेचा विचार केला आहे. ही निवड सहेतुक आहे. बालकवींचा जन्म १८९० साली धरणगावचा. बहिणाबाईंचा १८८० साली जळगावजवळच्या असोदे येथील. महानोरांचा १९४२ साली अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेडे येथील. भूप्रदेश जवळजवळ एकच, परंतु त्याच्याकडे पाहण्याच्या जागा तीन. त्यामुळे दृष्टीतील भेद स्पष्टपणे तपासता येतो.

बालकवी : ऋणाविना विस्मय

१९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ ही उपाधी लाभली. त्यांच्या निसर्गकवितेचे केंद्र निर्विवादपणे विस्मय हे आहे. ‘फुलराणी’मध्ये कळीचे उमलणे हा एक लग्नसोहळा होतो आणि सारी सृष्टी त्यात वऱ्हाडी म्हणून सामील होते. ‘औदुंबर’ या अवघ्या आठ ओळींच्या कवितेत गाव, शेते आणि पायवाट यांवरून सरकत दृष्टी डोहाशी येऊन थांबते. या कवितेतील गाव आणि शेतमळे दुरून दिसतात. तेथे कोणी नांगर धरलेला दिसत नाही. पाहणारा निसर्गाकडे काही मागत नाही, म्हणून काही मिळाल्याची जाणीवही त्याला नाही.

या वृत्तीला न्यून मानणे अन्यायाचे होईल. उपयोगाचा हिशेब बाजूला ठेवल्यामुळेच बालकवींना झाड, झरा आणि प्रकाश यांचे शुद्ध रूप दिसले. मात्र या विस्मयाला आधार देणारे नाते त्यात नाही. म्हणूनच ‘पारवा’सारख्या कवितेत तोच निसर्ग उदासीनतेने भरून येतो. आनंद जसा अकारण आला तसाच तो अकारण मावळतो. ५ मे १९१८ रोजी भादली येथे रेल्वे अपघातात बालकवींचे अकाली निधन झाले. त्यांच्या कवितेतील विस्मय पुढे कोणते वळण घेता, हे सांगता येणे शक्य नाही.

बहिणाबाई : श्रमातून आलेली जाण

बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात काम करताना त्या ओव्या रचीत. त्यांतील काही सोपानदेव चौधरी या कविपुत्राने आणि आप्तांनी टिपून ठेवल्या. बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी ही या कवितेची वर्ण्य दृश्ये नसून तिची जन्मस्थाने आहेत.

उपणणीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मळलेले धान्य पाटीत भरून उंचावरून सोडले तरी वारा वाहत नसेल तर दाणा आणि भूस वेगळे होत नाहीत. नांगरणीपासून मळणीपर्यंतचे सर्व श्रम झाल्यावरही शेवटची गोष्ट माणसाच्या हाती राहत नाही. बहिणाबाईंची कविता या क्षणी वाऱ्याला साद घालते. त्या सादेत लाचारी नाही. घरच्या माणसाला हाक मारावी तशी ती हक्काची आहे. आपले काम संपले तेथून दुसऱ्याचे काम सुरू होते, ही जाण तिच्या मुळाशी आहे. कृतज्ञतेचा व्युत्पत्त्यर्थ येथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरलेला दिसतो.

सुगरणीच्या खोप्यावरील कवितेतही हीच दृष्टी आहे. केवळ चोचीच्या बळावर विणलेले घरटे पाहून कवयित्री माणसाच्या दोन हातांची आणि दहा बोटांची आठवण करून देते. हे कौतुक दुरून पाहणाऱ्याचे नव्हे. एका कष्टकऱ्याने दुसऱ्याच्या कसबाला दिलेली ती दाद आहे. ‘देव अजब गारोडी’ या कवितेत बीज रुजण्याच्या घटनेला जादूची उपमा मिळते. ही जादू बहिणाबाईंनी दरवर्षी पाहिलेली आहे. बियाणे किती खोल टाकावे हे त्यांना पक्के ठाऊक आहे. तरीही विस्मय शिल्लक राहतो, किंबहुना अधिक नेमका होतो. ज्ञानाने विस्मय ओसरतो हा समज या कवितेपुढे टिकत नाही.

या कृतज्ञतेला मुकाट समाधान समजणे ही मोठी चूक ठरेल. माणसाला जनावरांशी ताडून पाहणाऱ्या त्यांच्या कवितेत, उपकार विसरणारा माणूस मुक्या जनावरापुढे उणा ठरतो. म्हणजे कृतज्ञता हा येथे माणसाची पारख करण्याचा निकष आहे. संसाराचे चटकेही हीच कविता लपवीत नाही. अकाली वैधव्य आलेल्या स्त्रीची ही वाणी असल्याने तिच्या आनंदाला दुःखाची किंमत मोजलेली आहे.

महानोर : मागणे आणि देणे

महानोरांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ साली प्रसिद्ध झाला. शीर्षकातील ‘रान’ हा शब्द मराठीत अरण्य आणि शेतजमीन असे दोन्ही अर्थ वाहतो. पहिला अर्थ विस्मयाकडे नेतो, दुसरा श्रमाकडे. महानोरांची कविता या दोन अर्थांच्या सीमेवर उभी आहे. पिकाची ओल, पाखरे आणि देहाची ओढ त्यांच्या कवितेत एकाच श्वासात येतात.

आकाशाने जमिनीला दान द्यावे असे मागणे मांडणारी त्यांची कविता सर्वपरिचित आहे. तिच्यातील क्रियापदाचे विध्यर्थी रूप लक्षणीय आहे. दान मिळालेले नाही. ते मिळावे अशी इच्छा आहे. बालकवींचा विस्मय समोर असलेल्या गोष्टीचा होता, बहिणाबाईंची कृतज्ञता झालेल्या गोष्टीची जाण होती. महानोरांकडे ती अद्याप न आलेल्या पावसापर्यंत पोहोचते. संग्रहानंतर पाचच वर्षांनी, १९७२ मध्ये, महाराष्ट्राने भीषण दुष्काळ पाहिला. या पार्श्वभूमीवर हे विध्यर्थी रूप अलंकारापुरते उरत नाही. मागणाऱ्याने स्वतःही काही दिले पाहिजे, ही जबाबदारी त्यात अध्याहृत आहे. महानोरांनी शेती कधी सोडली नाही आणि विधान परिषदेत शेती-पाण्याचे प्रश्न मांडले, ही त्या जबाबदारीचीच दुसरी बाजू होय. ‘पानझड’ या संग्रहाला २००० सालचा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. ३ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. विस्मय आणि कृतज्ञता या भिन्न वृत्ती आहेत. पहिलीला अंतर चालते, दुसरीला संबंध लागतो. निसर्गाच्या जवळिकीने विस्मय नष्ट होत नाही, हे बहिणाबाईंची कविता सिद्ध करते. आणि खरी कृतज्ञता अभावाकडे डोळेझाक करीत नाही, हे महानोरांच्या मागण्यातून कळते.

अध्यापनाच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. तिन्ही कवींना ‘निसर्गकवी’ या एकाच शीर्षकाखाली शिकविले की वर्गात केवळ हिरवळ उरते आणि ती पिकविणारे हात दिसेनासे होतात. शेतकरी कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्याला उपणणीची कविता कदाचित शिक्षकापेक्षा अधिक कळते. त्याचे हे ज्ञान वर्गात बोलते झाले, तर कवितेतील कृतज्ञतेचा अर्थ व्याख्येवाचूनही स्पष्ट होईल.