एकवीस अ‍ॅटोसेकंदांचा हिशेब

२०२३ साली पिएर अगोस्तिनी, फेरेंक क्राउझ आणि अ‍ॅन लुइलिए यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा ‘इलेक्ट्रॉनचा फोटो’ हा शब्दप्रयोग अनेकांच्या तोंडी आला. माझा आक्षेप याच शब्दाला आहे. फोटो म्हटला की शंकेला जागा उरत नाही. या क्षेत्रातला सर्वांत बोधप्रद वाद मात्र एका आकड्याचा आहे आणि तो सुटायला सात वर्षे लागली.

अ‍ॅटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही अब्जावा भाग. २०१० मध्ये जर्मनीतील गार्चिंग येथे क्राउझ यांच्या गटाने निऑनच्या अणूंवर सुमारे १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा अतिनील स्पंद सोडला. त्या एकाच स्पंदाने काही अणूंच्या २एस कक्षकातला, तर काहींच्या २पी कक्षकातला इलेक्ट्रॉन बाहेर काढला. सोबत सोडलेल्या अवरक्त प्रकाशामुळे सुटलेल्या इलेक्ट्रॉनचा वेग बदलतो. किती बदलतो, ते सुटण्याच्या क्षणावर ठरते. म्हणजे मोजायची ऊर्जा आणि वेळ काढायची हिशेबाने. उत्तर आले : २पीचा इलेक्ट्रॉन २एसच्या मागे २१ अ‍ॅटोसेकंद, त्रुटी ५ अधिक-उणे.

सिद्धान्तावरून काढलेली उत्तरे याहून बरीच कमी भरत होती. इलेक्ट्रॉनांचे एकमेकांवरील परिणाम गणितात पुरते धरले गेले नसावेत, अशी शंका येणे साहजिक होते.

२०१७ मध्ये स्वीडनमधील लुंडच्या, लुइलिए यांच्या गटाने वेगळी वाट धरली. एकुलता स्पंद जितका आखूड, तितक्या त्यात अनेक ऊर्जा मिसळलेल्या. वेळ बारीक करावी तर ऊर्जा भरड होते. लुंडकरांनी व्यतिकरणाच्या पद्धतीने दोन्ही बारीक ठेवल्या. तेव्हा २एसच्या शेजारचे वेगळे इलेक्ट्रॉन निवडता आले. हे इलेक्ट्रॉन सुटताना अणूतला दुसरा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जाऊन बसतो. त्यांना बाजूला काढताच मापन आणि गणित उत्तम जुळले. जुन्या प्रयोगात दोन्ही प्रकार एकाच खात्यावर जमा झाले असावेत, असा उलगडा झाला.

‘प्रयोग हा अखेरचा न्यायाधीश’ असे आपण मुलांना शिकवतो. इथे न्यायाधीशापुढे दोन साक्षीदार एकाच नावाने उभे राहिले होते आणि ते ओळखायला दुसरा प्रयोगच लागला. पहिल्या प्रयोगाचे मोल त्याने घटत नाही. त्या आकड्याने अडवले नसते, तर हे प्रकरण पुन्हा कोणी उघडले असते का? दोष आपल्यासारख्या सांगणाऱ्यांचा. आपण आकडा उचलतो. त्याची त्रुटी आणि पुढची सुनावणी मागेच ठेवतो.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकलो नाही. मूळ निबंध शब्दकोश शेजारी ठेवून वाचतो. तरी एका व्याख्यानात मीही २१ हा आकडा ठणकावून सांगितला होता. तेव्हा २०१७ उलटून गेले होते.