उत्पादित जलाची विषकसोटी

तेलविहिरीतून खनिज तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्यास ‘उत्पादित जल’ अशी संज्ञा आहे. विहीर जुनी होत जाते तसतसा या पाण्याचा वाटा वाढतो. पुढे तेलापेक्षा पाणीच अधिक उपसावे लागते. उत्तर समुद्रातील तेलमंचांवरून ते शुद्धीकरणानंतर बहुतांशी समुद्रातच सोडले जाते. सागरी जीवांस ते कितपत घातक आहे, हे ठरविण्याची तेथील पद्धत काळजीपूर्वक आखलेली आहे, आणि म्हणूनच ती चिकित्सेस पात्र ठरते.

या पद्धतीचा पहिला आधार तेलाच्या प्रमाणाचा. ऑस्पार आयोगाच्या २००१ च्या शिफारशीने विखुरलेल्या तेलाची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम ठरविली. परंतु या मर्यादेने मोजले जातात ते मुख्यतः तेलाचे थेंब. बेंझीन, फिनॉल आणि हलकी अल्किल फिनॉले पाण्यात विरघळलेली असतात. थेंब वेगळे काढणाऱ्या यंत्रांतून ती सहज निसटतात. म्हणजे मर्यादा तंतोतंत पाळूनही विषाचा मोठा अंश मोजणीबाहेर राहू शकतो.

दुसरा आधार रसायनांच्या परीक्षणाचा. मंचावर वापरावयाच्या गंजरोधकांची, जंतुनाशकांची स्वतंत्र चाचणी होते: स्केलेटोनेमा या सूक्ष्म वनस्पतीवर ७२ तास, अकार्शिया या सूक्ष्म कवचधारी प्राण्यावर ४८ तास, टर्बट माशाच्या पिलांवर ९६ तास. वनस्पतीची वाढ निम्म्यावर येण्यास, अथवा निम्मे प्राणी मरण्यास किती मात्रा लागते, हे पाहिले जाते. ग्लुटराल्डिहाइडसारखे जंतुनाशक, ज्याचे कामच मारणे, या चाचणीत तत्काळ उघडे पडते. सावकाश काम करणारे विष मात्र तीतून सुटते. नॉर्वेतील संशोधकांनी कॉड माशांस अल्किल फिनॉले खाऊ घातली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात मादीच्या अंड्यांची वाढ मंदावली व अंडी घालण्याचा काळ लांबला. ज्या कसोटीत मृत्यू हेच माप, तिला हा परिणाम दिसणे शक्यच नाही.

अर्थात्, अन्नातून दिलेली मात्रा आणि खुल्या समुद्रातील मात्रा एक नव्हे. तेथे हे पाणी झपाट्याने विरळ होते, आणि कॉडच्या साठ्यास धोका आहे असा निष्कर्ष या प्रयोगावरून काढणे उतावळेपणाचे होईल. ऑस्पारच्या २०१२ च्या शिफारशीने जोखमीवर आधारलेले मूल्यमापन स्वीकारले, ही सुधारणा मोलाचीच. तरीही विरलतेचा युक्तिवाद ‘किती’ याचे उत्तर देतो. ‘कोणत्या अवस्थेतील जीवाला’ याचे देत नाही. प्रवाहाबरोबर वाहणारी अंडी व डिंभ त्या पाण्यापासून दूर पोहून जाऊ शकत नाहीत.

१९७४ साली तेल सापडलेले मुंबई हाय हेही आता जुने क्षेत्र आहे. टर्बट हा काही अरबी समुद्राचा मासा नव्हे. शिवाय उष्ण पाण्यात प्राण्यांच्या चयापचयाचा वेग निराळा. उत्तर समुद्रातील आकडे येथे जसेच्या तसे आणता येत नाहीत. येथील कसोटीला पापलेट आणि बोंबील यांची अंडी व डिंभच घ्यावे लागतील.