विरोधकाच्या वहीत उरलेली कविता

एरियसची ‘थालिया’ ही पद्यरचना आज अखंड मिळत नाही. तिच्या ज्या ओळी उरल्यात, त्या मुख्यतः त्याचा कट्टर विरोधक अथनेशियस याच्या लिखाणात. म्हणजे मूळ पोस्ट डिलीट झालेली, आणि आपल्या हाती भांडणाऱ्याने काढलेले स्क्रीनशॉट. अशी कविता वाचायची कशी?

आधी वाद समजून घेऊ. चौथ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात एरियस हा धर्मगुरू सांगत होता, की पुत्र म्हणजे ख्रिस्त हा पित्याने निर्माण केलेला आहे. साऱ्या सृष्टीच्या आधीचा, पण पित्याच्या बरोबरीचा नाही. ३२५ साली निकियाच्या परिषदेत बिशपांनी हे मत फेटाळलं आणि पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे, असं ठरवलं. पुढे सम्राट कॉन्स्टन्टाइनने एरियसचं लिखाण जाळायचा हुकूम काढला. लपवून ठेवणाऱ्याला शिक्षा होती मृत्युदंडाची.

अथनेशियस ३२८ साली अलेक्झांड्रियाचा बिशप झाला. त्याचा मुद्दा हलका नव्हता: जो स्वतःच निर्माण केला गेलाय, तो इतरांना तारणार कसा? पण ‘थालिया’ला तो दोन तऱ्हांनी वागवतो. एरियसपंथीयांविरुद्धच्या भाषणांत तो तिच्या ओळी तोडून, आपल्या शब्दांत मिसळून देतो, वर तिच्या चालीला बायकी ठरवून टिंगल करतो. परिषदांविषयीच्या नंतरच्या ग्रंथात मात्र तो बराच लांब, सलग उतारा देतो.

हे दोन्ही शेजारी ठेवून वाचले, की मला दोन एरियस दिसतात. तुकड्यांमधला एरियस ख्रिस्ताला कमी लेखायलाच बसलेला वाटतो. सलग उताऱ्यातला एरियस देवाच्या अथांगपणाने दिपलेला आहे. देव कुणालाच पुरता कळत नाही, पुत्रालाही नाही, हे तो पुन्हापुन्हा सांगतो. मला त्यात उद्धटपणा ऐकू येत नाही, धाक ऐकू येतो.

एवढ्याने एरियस बरोबर ठरत नाही. अथनेशियसचा प्रश्न तसाच उभा राहतो. पण त्या प्रश्नाला समोर कोण होतं, हे सलग उताऱ्यामुळेच कळतं. आणि तो उतारा अथनेशियसनेच जपला, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. कुणाचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी ते सलग द्यावं. सतराशे वर्षांनी वाचणाऱ्याला तेवढंच हाती लागतं.