रूप कुणाच्या नजरेतले?

मुस्लिम स्त्रीच्या रूपाविषयी आपल्याकडे दोन प्रकारचे लेखन उदंड झाले आहे. एकात ती चाँद असते, दुसऱ्यात ती बुरखा असते. पहिला प्रकार गझल, कव्वाली आणि सिनेमाने रूढ केला. दुसरा आपल्या प्रबोधनाच्या लेखनाने. एकाला रिझवायचे असते, दुसऱ्याला सुधारायचे असते. परंतु दोन्हीकडे पाहणारा बाहेर उभा असतो आणि बाई पाहिली जाते. ती स्वतः काय पाहते, हे विचारावे असे दोघांनाही सुचलेले दिसत नाही. मुस्लिम मराठी कथेचा विचार करताना आम्हाला हा प्रश्न टाळता येण्यासारखा वाटत नाही. तो मांडण्यासाठी आम्ही रशीद जहाँ आणि इस्मत चुगताई या दोन उर्दू लेखिकांकडे वळत आहोत. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण मराठीतून झाले, उर्दू लिपी घरात दादी-नानीपर्यंतच राहिली. त्यामुळे या लेखिकांची नावे आपण आदराने घेतो, पण त्यांच्या कथा मात्र ऐकीव माहितीवरच चालवतो.

‘अंगारे’ हा संग्रह लखनौहून १९३२च्या डिसेंबरात निघाला आणि पुढच्याच वर्षी मार्चमध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने तो जप्त केला. चार लेखकांत रशीद जहाँ ही एकटी स्त्री. त्या व्यवसायाने डॉक्टर होत्या आणि अलीगढला मुलींच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्या शेख अब्दुल्लांच्या कन्या होत्या. गदारोळ उठला तेव्हा सर्वांत जास्त शिव्या त्यांच्या वाट्याला आल्या. त्यांचे या संग्रहातले लेखन म्हणजे एक अगदी छोटी कथा आणि एक एकांकिका, एवढेच.

कथेचे नाव ‘दिल्ली की सैर’. फरीदाबादची मलका बेगम नवऱ्याबरोबर रेल्वेने दिल्ली बघायला जाते. ओळखीपाळखीच्या बायकांत असा प्रवास केलेली ती पहिलीच. परत आल्यावर अंगणात बायका गोळा करून ती हकिगत सांगते. हकिगत काय, तर स्टेशनवर उतरल्याबरोबर नवऱ्याला कुणी दोस्त भेटला आणि तो हिला सामानावर बसवून त्याच्याबरोबर निघून गेला. ही बुरख्यात, एकटी, गर्दीत. येणारेजाणारे पुरुष घुटमळतात, एखादा तोंड दाखव म्हणून छेडतो. ती घाबरते, उपाशी बसते, आणि बसल्या बसल्या सगळे स्टेशन न्याहाळते. नवरा दोन तासांनी पोट भरून परत येतो. ती म्हणते, मला घरी घेऊन चला, झाली माझी दिल्ली बघून.

कथा इतकीच आहे. सारांशात ती बुरख्याविरुद्धची तक्रार वाटेल, आणि आपल्याकडे तिचा उल्लेख होतो तो बहुधा तसाच. आमच्या मते तिचे बळ निराळ्या ठिकाणी आहे. मलका बेगम सुंदर आहे की नाही, गोरी की सावळी, हे कथेत कुठेच येत नाही. स्टेशनवरच्या पुरुषांना तिचे तोंड बघायचे आहे, पण लेखिका ते वाचकालाही दाखवत नाही. दाखवते ते पुरुषांचे वागणे, बुरख्याआडून दिसलेले. पाहण्याची दिशा तिने फिरवली. मलका बिचारी नाही. ती चांगली तिखट जिभेची आहे, आणि आपल्या फजितीवर बायकांची बैठक रंगवण्याची हातोटी तिच्याजवळ आहे.

याच्या शेजारी १९६३चा ‘मेरे मेहबूब’ ठेवून बघा. अलीगढच्या आवारात नायकाची बुरख्यातल्या मुलीशी टक्कर होते, त्याला फक्त तिचे डोळे दिसतात आणि तो आयुष्यभरासाठी घायाळ होतो. तीन वर्षे आधीच्या ‘चौदहवीं का चाँद’मध्येही नवाबसाहेब बाजारात दिसलेल्या एका चेहऱ्यासाठी झुरतात आणि पुढचा सारा घोळ त्यातून होतो. बुरखा तोच, तोंड बघण्याची पुरुषाची तळमळही तीच. रशीद जहाँच्या प्लॅटफॉर्मवर ती छेडछाड आहे, पडद्यावर ती मोहब्बत आहे. आम्हीही हे चित्रपट आवडीने पाहिले, त्यांची गाणी आम्हाला आजही पाठ आहेत. पण त्यांनी पिढ्यान् पिढ्यांना शिकवले की झाकलेला चेहरा म्हणजे सुंदरच असणार, आणि तो उघडला की प्रेम जन्मणारच. चेहरा साधा निघाला तर काय, याचे उत्तर मुस्लिम सोशलपटांच्या त्या दुनियेत नाही. तशी नायिका त्यांनी केलीच नाही.

ते उत्तर ‘पर्दे के पीछे’ या एकांकिकेत आहे, आणि ते ऐकवत नाही. खात्यापित्या घरातली मुहम्मदी बेगम मैत्रिणीजवळ मन मोकळे करते. लेडी डॉक्टरने वय विचारले, हिने बत्तीस सांगितले, तर डॉक्टरीणबाईंचा विश्वास बसेना. सतराव्या वर्षी लग्न आणि तेव्हापासून जवळजवळ दरसाल बाळंतपण, शरीर कुठून टिकणार? नवऱ्याला दुसरी बायको करायची हौस आहे. ती टळावी म्हणून हिने बाळंतपणांनी सैल पडलेल्या शरीरावर शस्त्रक्रियाही करून घेतली आहे. कारण एकच, आपण नवऱ्याला नव्या नवरीसारखे वाटावे. नाटक म्हणून ही एकांकिका फार बांधीव नाही. दोघी पलंगावर बसून बोलतात, घडत काहीच नाही, आणि मधूनमधून डॉक्टर रशीद जहाँच पात्राच्या तोंडून बोलू लागतात. तरीही ‘बाईने नवऱ्यासाठी नीटनेटके राहावे’ या गोड उपदेशाचा हिशेब रक्तामांसात मांडणारे इतके जुने दुसरे लेखन आम्हाला माहीत नाही. हा उपदेश आजही निकाहच्या वेळी मुलीला दिला जातो. मुलाला काय सांगितले जाते, ते कुणी ऐकले असल्यास कळवावे.

इस्मत चुगताई रशीद जहाँना गुरुस्थानी मानत. त्यांची ‘लिहाफ’ सर्वांना ठाऊक असते, कारण तिच्यावर लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला झाला. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांची ‘चौथी का जोडा’ अधिक मोलाची आहे. बापाविना घर, कापड बेतण्यात हातखंडा असलेली बी अम्माँ, लग्नाचे वय उलटत चाललेली थोरली कुबरा आणि धाकटी हमीदा. चौथीचा जोडा, म्हणजे लग्नानंतरच्या चौथ्या दिवशी नवरीने घालायचा पोशाख, कित्येक वर्षे शिवून ठेवलेला. कुबराच्या तारुण्याचे वर्णन करताना इस्मत उर्दू कथेची ठरीव सामग्री एकेक करून बाजूला ठेवतात. डोळ्यांतली चमक नाही, गालांवर रुळणाऱ्या बटा नाहीत. तारुण्य आले तेही पाय न वाजवता. ती कुरूप आहे असे त्या म्हणत नाहीत. कुणी वर्णन करावे असे तिच्यात काही सापडले नाही, एवढेच त्या सांगतात.

मग मामाचा मुलगा राहत मुक्कामाला येतो. त्याच्यासाठी दागिने मोडले जातात, पराठे आणि कोफ्ते होतात. घरातल्या बाया स्वतः कोरडे तुकडे चावतात. कुबरा दाराआडून त्याची चाहूल घेते, त्याच्यासाठी राबते, स्वेटर विणते. समोर जायचे काम हमीदाचे. राहत महिनोन् महिने खातो, हमीदाच्या अब्रूवर हात टाकतो आणि आपले लग्न ठरले आहे म्हणून निघून जातो. कुबरा क्षयाने मरते. बी अम्माँ ओसरीत पुन्हा एकदा पांढरे कापड पसरून बेतायला बसते. या वेळी कफन.

या कथेवर हुंड्याची, गरिबीची, पडद्याची अशी बरीच चर्चा झाली आहे. एका तपशिलाकडे मात्र आम्हाला लक्ष वेधायचे आहे. राहतने कुबराला कधी धड पाहिलेच नाही. तिला नापसंत करण्यासाठी पाहण्याची गरजच पडली नाही. आपल्याकडच्या मुलगी बघण्याच्या रिवाजाचे मर्म इथे उघडे पडते. मुलगी बघायला आधी पुरुष येत नाहीत. मुलाची आई, बहीण, फुफी येतात. मुलीला उजेडाच्या बाजूला बसवतात, पाणी आणायला सांगून चाल बघतात, डोक्यावरचा पदर मागे सारून केस बघतात. मग निकाल लागतो. उर्दूत तो ‘रंग साफ है’ किंवा ‘रंग दबता हुआ है’ असा असतो. मराठीत ‘नाकीडोळी नीटस, पण उजळ नाही’ असा. साफ हा शब्दच बघा. जो रंग साफ नाही तो मग कोण? भाषा बदलली, पोशाख बदलला, मजहब बदलला, तरी कोकणातल्या मोहल्ल्यापासून सोलापूरच्या पेठेपर्यंत आणि शेजारच्या हिंदू घरातल्या कांदेपोह्यांपर्यंत ही परीक्षा एकच आहे. १९७५मध्ये बाजारात आलेल्या क्रीमने ‘फेअर’ हा शब्द नावातून काढला तो २०२०मध्ये; पंचेचाळीस वर्षे तो मोहल्ल्यातल्या प्रत्येक दुकानात टांगलेला होता.

इस्मत या सगळ्यातून सुटल्या होत्या असेही नाही. ‘लिहाफ’मध्ये बेगम जान गोरीपान आणि तिची मोलकरीण रब्बू काळी, देवीच्या व्रणांची. कथेतली भीती आणि किळस या रंगभेदावर बरीच उभी आहे. सांगणारी एक लहान मुलगी आहे आणि तिची नजर त्या घरानेच घडवली आहे, असा बचाव करता येईल. तो काही अंशी खराही आहे. पण रब्बूला स्वतःची नजर मिळत नाही. मलका बेगमला मिळालेली जागा मोलकरणीला मिळाली नाही, हे नोंदवले पाहिजे.

आता आपल्या कथेकडे येऊ. नावे घेण्याचे कारण नाही. गेल्या काही दशकांतले विशेषांक चाळले की चित्र स्पष्ट होते. तलाकपीडित नायिका पहिल्याच परिच्छेदात गोरी, नाजूक, हरिणीच्या डोळ्यांची असते. तिच्यावरचा अन्याय तिच्या रूपामुळे वाढतो. इतकी देखणी, तरी सोडली! म्हणजे देखणी नसती तर चालले असते काय? दुसरीकडे आपली विद्रोही कविता. तिच्यात बुरखा येतो तो काळोख, कैदखाना, कफन होऊन. कवीचा संताप प्रामाणिक असतो. परंतु आत बसलेल्या बाईला त्या कवितेत काही म्हणायचे नसते. या चौकटीबाहेरचे लेखन मराठीत आहे. मलिका अमर शेख यांनी १९८४मध्ये ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मध्ये आपला संसार, आपले शरीर आणि त्याचे दुखणे कुणाच्या पसंतीची पर्वा न करता लिहिले. त्या वाटेने आपल्या कथाकार फारशा गेल्या नाहीत. कथाकार पुरुषांबद्दल न बोललेले बरे.

मधल्या काळात परिस्थिती मात्र थांबलेली नाही. २०२१च्या जुलैत आणि पुन्हा २०२२च्या पहिल्याच दिवशी, बोलणाऱ्या-लिहिणाऱ्या मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे लिलावाच्या मालासारखी इंटरनेटवर मांडली गेली. त्यात पत्रकार होत्या, वकील होत्या. काहींच्या डोक्यावर ओढणी होती, काहींच्या नव्हती. त्याच वर्षी कर्नाटकात हिजाब घातलेल्या मुलींना कॉलेजच्या दारात अडवले गेले, आणि १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयातही दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. या मुलींवर आपल्या समाजात जे बोलले गेले, तेही आम्ही ऐकले आहे. घालणारीला ‘कुणीतरी शिकवले’ आणि न घालणारीला ‘घरचे संस्कार नाहीत’. दोन्ही वाक्ये बोलणारे बहुतेक पुरुषच होते.

यांपैकी एखाद्या मुलीची गोष्ट मराठीत लिहिली गेली, तर तिच्या ओढणीचा रंग आणि तिचा स्वतःचा रंग आम्हाला पहिल्या पानावर नको आहे. त्या दिवशी गेटवर कोण कोण उभे होते, कुणी नजर चुकवली, कोणत्या मास्तरांनी मस्टरमध्ये डोके घातले, रिक्षावाला काय म्हणाला, घरी आल्यावर अम्मीने आधी काय विचारले, हे तिने पाहिले आहे. रशीद जहाँच्या कथेत ते सांगायला एक अंगण होते आणि ऐकायला शेजारच्या बायका होत्या.