पाण्याखालचं शिल्प आणि आपला गढूळ समुद्र



बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर अशा चहूबाजूंनी आपण इथं आलात, तेव्हा सुरुवात आपल्या ओळखीच्या दृश्यानं करू. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जुहूला किंवा वर्सोव्याला कधी गेलात का? ओहोटी लागलेली असते आणि वाळूत प्लास्टरचे हात, मुकुट, सोंडेचे तुकडे पडलेले असतात. शाडूची मूर्ती पाण्यात विरते, प्लास्टरची लवकर विरत नाही. म्हणजे मूर्ती समुद्राला द्यायची सवय आपल्याला आहेच. पण आपण ती विरावी म्हणून देतो. आजचा विषय याच्या उलट आहे. समुद्रात टिकावीत, पण टिकता टिकता त्यांचा मूळ चेहरा हरवावा, अशी इच्छा धरून केलेली शिल्पं.

या प्रकाराला जगभर नाव मिळालं ते जेसन डीकेअर्स टेलर या ब्रिटिश शिल्पकारामुळे. 2006 मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटाजवळ त्यानं पहिली शिल्पं तळाशी मांडली. तत्त्व सोपं आहे. वाळू-चिखलाच्या तळावर प्रवाळ, स्पंज, कालवं यांना चिकटायला जागा नसते. तिथं खरबरीत, कठीण काही ठेवलं की त्यांची पिल्लं त्यावर बसतात, खाचाखोचांत मासे-खेकडे आसरा घेतात. यालाच कृत्रिम भित्तिका म्हणतात. त्यासाठी तो समुद्री जिवांना बाधणार नाही असं सिमेंट वापरतो.

आता शिल्प म्हणून काय? ग्रेनाडाला हात धरून रिंगण केलेली 26 मुलं आहेत. आम्हांला हे काम मोठं वाटतं. एरवी शिल्पाचं अनावरण होतं तेव्हा ते पूर्ण झालेलं असतं. इथं अनावरणाच्या दिवशी ते सगळ्यात गरीब असतं. पुढं गालावर शेवाळ येतं, खांद्यावर स्पंज फुगतो आणि ओळखीचा चेहरा परका होत जातो. रिंगण मात्र सुटत नाही.

उलट मेक्सिकोत कानकूनजवळ त्यानंच वाळूत डोकं खुपसलेले सूटबूटवाले बँकर केले. तो विनोद एकदा कळला की संपतो. त्यावर शेवाळ चढलं काय नि नाही चढलं काय, अर्थ तेवढाच राहतो. आम्हांला हे व्यंगचित्र वाटतं, शिल्प कमी.

आणखी एक प्रसंग सांगायला हवा. मालदीवमध्ये 2018 साली त्याच्याच मानवाकृती सरकारनं फोडून काढल्या, कारण त्या इस्लामविरोधी ठरवल्या गेल्या. फोडणं वाईटच. पण समुद्र म्हणजे मोकळी भिंत नव्हे, तिथं आधीपासून कुणीतरी राहतं, एवढं त्यातून घ्यावं.

आता आपल्याकडे येऊ. सिंधुदुर्गात निवतीजवळ ‘आयएनएस गुलदार’ ही 2024 मध्ये निवृत्त झालेली युद्धनौका बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याची योजना आखली गेली. पावसाळ्यानंतर तिथलं पाणी नितळ होतं, पाहणाऱ्याला काही दिसेल. मुंबईचं काय? खाड्यांचा गाळ, शहराचं सांडपाणी. बुडी मारली तर स्वतःचा हात दिसायची मारामार. इथं कानकूनसारखं काही करून फोटो निघणार नाहीत.

उपनगराच्या दक्षिणेला, वरळी कोळीवाड्यासमोर 2024 मध्ये 210 भित्तिका टाकल्या गेल्या. पुनर्वापराचं काँक्रीट आणि पोलाद, किनाऱ्यापासून साधारण अर्धा किलोमीटर. चेहरे नाहीत, रिंगण नाही. कुणी विचारेल, यावर कलेच्या व्याख्यानात बोलायचं काय? आम्ही म्हणतो, बोलायलाच हवं. जिथं माणसाला दिसतच नाही, तिथं भोक, सावली, खरबरीतपणा हाच आकार, आणि पाहणारा मासा. त्या कसोटीवर हे ठोकळे बँकरांपेक्षा प्रामाणिक आहेत.

पण आमची तक्रार पुढं आहे. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई इथले कोळी बांधव डोल जाळी लावतात. ती ठरलेल्या जागी, भरती-ओहोटीच्या ओढीवर उभी असतात. चुकीच्या जागी ठोकळा पडला तर जाळं फाटतं आणि एका घराचा हंगाम जातो. बरोबर जागी पडला तर बेकायदा ट्रॉलरला तो आडवा येतो. ही जागा ठरवताना तांडेलाला विचारलंच पाहिजे. ग्रेनाडात स्थानिक मुलांचे साचे घेतले. आपल्याकडे नुसते साचे नकोत, शब्द घ्यायला हवा.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट. मुंबईत खरे प्रवाळ आहेत. किनारी रस्त्यासाठी 2020 मध्ये हाजीअली-वरळीचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले. आता वर्सोव्याहून भाईंदरकडे रस्ता नेताना कांदळवन जाणार आहे. एका हातानं खडक बुजवायचा आणि दुसऱ्या हातानं काँक्रीट टाकायचं, तर ती भित्तिका शिल्प राहत नाही, प्रायश्चित्त होते. तेही दिसणार नाही अशा जागी केलेलं, म्हणून सोयीचं.

पाण्याखाली काय टाकलं याचं कौतुक करण्याआधी, किनाऱ्यावर काय उचललं ते विचारायची सवय आपण लावून घेऊ. पुढच्या मोठ्या ओहोटीला जुहूच्या खडकांवर जा, जपून पाय टाका. तिथं कुणी न घडवलेली भित्तिका अजून उघडी पडते.