चिनी अक्षर पाहायचं की सांगायचं?

आजचा विषय आहे चिनी अक्षरांची रचना, आणि ती शिकवण्याची जी रीत सध्या सगळीकडे दिसते तिच्याबद्दलची आमची तक्रार. या मालेतली व्याख्यानं नंतर देवनागरीत वाचली जातात, म्हणून आम्ही ठरवलं आहे की फळ्यावर एकही चिनी अक्षर काढायचं नाही. जे आहे ते तोंडानं सांगायचं. ही अडचण वाटेल, पण मुद्दाच तो आहे. चिनी अक्षर ज्याला तोंडानं सांगता येतं, त्याला ते आलं. नुसतं पाहून ओळखणाऱ्याला ते अजून आलेलं नाही.

सुरुवात नाकाडोंगरीच्या शेजारून करू. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज आपल्या ओळखीचं. टॉर्चच्या सेलमध्ये जातं ते. चिनीत त्याला 'मंग' म्हणतात आणि त्यासाठी एकच अक्षर आहे, तेरा रेघांचं. तेरा रेघा पाठ करायला बसलात तर आठवड्यानं त्यातल्या दोन गळालेल्या असतात. सांगायला गेलात तर दोन शब्दांत काम होतं : डावीकडे 'धातू', उजवीकडे 'मंग'. हा उजवीकडचा मंग म्हणजे एक जुनं आडनाव. ज्या तत्त्वज्ञाला जग मेन्शियस म्हणतं, त्याचं तेच आडनाव. मँगनीजशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो तिथे फक्त आवाज द्यायला उभा आहे. डावी बाजू कुळ सांगते, उजवी बाजू उच्चार. सूर थोडा वेगळा आहे, तेवढं सोडून द्या. आणि तो मंगसुद्धा फोडता येतो : वर 'मूल', खाली 'ताटली'. ताटलीचा उच्चार 'मिन', म्हणजे तिथेही तीच युक्ती, फक्त काळानं आवाज झिजलेला.

एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य रसायनशास्त्र चिनीत आणताना श्यू शौ आणि इंग्रज अनुवादक जॉन फ्रायर यांनी मूलद्रव्यांना नावं दिली ती याच रीतीनं. त्यांचं पुस्तक 1871 सालचं. आजच्या चिनी आवर्त सारणीत धातूंना 'धातू' लागतो, वायूंवर 'वायू' असतो, आणि पारा धातू असूनही द्रव, म्हणून त्याच्याखाली 'पाणी'. चिनी पोराला एखादं मूलद्रव्य माहीत नसलं, तरी ते खोलीतल्या तापमानाला कसं असतं हे अक्षर बघून कळतं. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या 'मँगनीज' या शब्दातून असं काही कळत नाही.

आता तक्रारीकडे येऊ. मोबाईलवरची अ‍ॅपं आणि चित्रफिती शिकवतात की चिनी अक्षर म्हणजे चित्र. झाडाचं चित्र झालं झाड, दोन झाडं झाली वन, तीन झाडं झाली दाट अरण्य. आपण झाडीपट्टीतले लोक, आपल्याला हे लगेच आवडतं. पहिल्या आठवड्यात पन्नास अक्षरं येतात आणि विद्यार्थी खूश असतो. पण खरोखर चित्रातून आलेली अक्षरं थोडी. शंभरातली ऐंशीहून जास्त अक्षरं मँगनीजच्या जातीची, म्हणजे एक भाग कुळाचा आणि एक भाग आवाजाचा. चित्रवाले पन्नासानंतर अडतात, आणि अडले की गोष्टी रचतात.

त्यातली एक गोष्ट फार लाडकी आहे. दारात तोंड, म्हणजे 'विचारणे'. दारात कान, म्हणजे 'ऐकणे'. दारात हृदय, म्हणजे 'उदास'. ऐकायला झकास! पण दार तिथे अर्थासाठी नाहीच. दाराचा उच्चार 'मन', विचारण्याचा 'वन', ऐकण्याचा 'वन', उदास असण्याचा पुन्हा 'मन'. दार आवाज देतं आहे. कुळ सांगतात ते तोंड, कान आणि हृदय. (उदास या अर्थाच्या अक्षरात हृदय असावं आणि त्याचा उच्चार 'मन' असावा, हा मराठी कानाला मिळालेला प्रसाद. योगायोग आहे, सिद्धान्त काढू नका.) गोष्टवाल्याची खरी फजिती पुढच्या अक्षरात होते. दाराशेजारी माणूस, उच्चार 'मन', आणि अर्थ? काहीच नाही. तो माणसांच्या अनेकवचनाचा प्रत्यय आहे. 'मी'ला लावला की 'आम्ही' होतं. आता सांगा गोष्ट. दार हा आवाज आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याकडे ही चार अक्षरं एकाच मुठीत आहेत. गोष्टवाल्याकडे तीन गोष्टी आहेत, आणि उच्चार एकाचाही नाही.

हे कुणा महाराष्ट्रीय माणसाच्या बाबतीत घडताना पाहायचं असेल, तर डॉ. कोटणीसांच्या नावाकडे बघा. 1938 साली काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं : अटल, आपल्या नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, बसू आणि मुखर्जी. पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी 'ह्वा' आलं, म्हणजे चीन. कोटणीस तिथली भाषा शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागले, आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. शांतारामबापूंच्या 1946 च्या सिनेमामुळे हे आपल्याला माहीत आहे. पण त्यांचं चिनी नाव आपण 'के दिहुआ' असं रोमनवरून वाचतो आणि पुढे जातो. चिनी तोंडात ते साधारण 'खऽ ती-ह्वा' होतं. रोमनमधला 'दि' आपल्या कानाला 'ती' लागतो.

पहिलं अक्षर 'खऽ' : डावीकडे झाड, उजवीकडे 'खऽ' उच्चाराचा, 'शक्य असणे' या अर्थाचा भाग. अर्थ होतो फांदी किंवा कुऱ्हाडीचा दांडा. इथे आवाज जवळपास नेमका आहे, फक्त सूर बदलतो. दुसरं 'ती' : डावीकडे पुन्हा झाड, उजवीकडे 'ली'. अर्थ एका फुलझाडाचा. इथे ली म्हणते एक आणि आपण वाचायचं दुसरं. नवशिके इथे वैतागतात, म्हणतात ही कसली खूण. मराठी माणसानं तरी वैतागू नये. 'ज्ञ' हे अक्षर ज आणि ञ यांचं. आपण म्हणतो 'द्न्य'. आपल्या पोरांना ते जड जात नाही, कारण कुणी तरी एकदा सांगितलेलं असतं. तिसरं 'ह्वा' : आजच्या रूपात वर 'ह्वा' उच्चाराचा, 'बदलणे' या अर्थाचा भाग आणि खाली दहाचा आकडा. कोटणीसांच्या काळी हे अक्षर वेगळं, बरंच दाट होतं. 1956 च्या सुलभीकरणात हे रूप अधिकृत झालं. रेघा कमी झाल्याच, शिवाय पूर्वी नव्हती ती आवाजाची खूण त्यात स्पष्ट दिसू लागली. सुलभीकरणावर टीका करणारे हे क्वचितच सांगतात.

आता सहकारी मुखर्जींचं चिनी नाव घ्या : 'मू-ख-ह्वा'. त्यातलं पहिलं अक्षर 'मू' म्हणजे झाडच, नुसतं, पूर्ण. मुखर्जींच्या नावात झाड आलं ते 'मु' या आवाजासाठी. कोटणीसांच्या नावात तेच झाड दोनदा आलं, पण 'मू' असं कुठेच वाचायचं नाही. तिथे ते कुळ सांगतं. एकाच पथकात, एकच खूण, दोन कामं. झाडाचं चित्र कितीही वेळ बघितलं तरी हे कळणार नाही. ते कुठे उभं आहे आणि शेजारी कोण आहे, हे विचारावं लागतं.

जागेवरून रूपही बदलतं. झाड डावीकडे गेलं की अंग चोरतं. शेवटचा उजवीकडे जाणारा फराटा आखडून ठिपका होतो, शेजाऱ्याला धक्का लागू नये म्हणून. पाणी डावीकडे गेलं की तीन थेंब होतात, विस्तव खाली गेला की चार ठिपके. विद्यार्थी म्हणतात, हे किती लक्षात ठेवायचं! अहो, पर्व, प्रकाश, ट्रक आणि वाऱ्यावर, या चार शब्दांत 'र' चार वेषांत आहे आणि तुम्ही दुसरीत असतानाच ते पचवलं आहे. डोक्यावर बसणारा, पोटात शिरणारा, पायाशी लोंबणारा र ज्याला एकच वाटतो, त्याला तीन थेंबांत पाणी दिसायला हरकत नसावी. बाराखडी आणि जोडाक्षरं शिकलेला माणूस या लिपीकडे कोऱ्या पाटीनं जात नाही. आमच्या मते मराठीतून चिनी शिकवताना पहिला तास 'र'वर घ्यावा. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात चिनी शिकायला जाणाऱ्यांत आपल्या भागातली मुलंही असतात. ती हा र घरूनच घेऊन जातात, पण त्याचा इथे उपयोग आहे हे त्यांना कुणी तरी सांगायला हवं.

आकड्यांची भीतीही अशीच. चीननं 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाण यादीत 8105 अक्षरं आहेत, त्यातली पहिल्या पातळीची 3500. याद्या वाटून 'रोज दहा' असा नेम लावणारे शिक्षक आम्हाला पटत नाहीत. साडेतीन हजार अक्षरं काही शेकडा तुकड्यांतून उभी राहतात, आणि ते तुकडे कुटुंबानं येतात. 'पाव' हा एक तुकडा घ्या, गुंडाळणे या अर्थाचा. अन्न लावा, पोट भरलं. हात लावा, कवेत घेतलं. पाय लावा, पळाला. तिथे आवाज 'प्हाव' होतो. पाणी लावा, बुडबुडा, पुन्हा प्हाव. एका बैठकीत पाच अक्षरं. (वडापावातल्या पावाशी नातं जोडू नका, तो पोर्तुगीज.)

एक आक्षेप रास्त आहे : तुम्ही गोष्टींना नावं ठेवता, पण चिनी लोक स्वतः काय करतात? दोन वेगवेगळी आडनावं आहेत, दोन्हींचा उच्चार 'चांग'. फोनवर चिनी माणूस सांगतो, 'धनुष्य-लांबवाला चांग' किंवा 'उभा-लवकरवाला चांग'. व्युत्पत्तीनं बघाल तर दुसरी फोड चूक आहे. ते अक्षर 'नाद' आणि 'दहा' यांचं. तरी ती चालते, कारण ती ऐकून पलीकडचा माणूस अक्षर बरोबर लिहितो. खोटी फोड आम्हाला चालेल. आवाज लपवणारी गोष्ट चालणार नाही.

तेव्हा कागद घ्या. पहिलं अक्षर : डावीकडे झाड, उजवीकडे आडवी रेघ, तिच्याखाली तोंड, बाजूला आकडा असलेला उभा दंड. दुसरं : डावीकडे झाड, उजवीकडे वर हात, हातातून उभा आकडा खाली, त्याच्या दोन्ही अंगांना पाण्यासारखे दोन-दोन फराटे. तिसरं : वर डावीकडे उभा माणूस, उजवीकडे चमचा, खाली अधिकचं चिन्ह. नऊ, बारा आणि सहा रेघा. कोटणीसांचं नाव लिहून झालं.