फायलोचा अंतरर्थ आणि गहाणाचें वस्त्र

मोशेच्या धर्मशास्त्राचा आंतरिक साधनेच्या दृष्टीनें अर्थ लावणाऱ्यांत अलेक्झांड्रिया येथील यहूदी पंडित फायलो हा अग्रगण्य होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या पूर्वार्धांत तो ग्रीक भाषेंत लिहीत होता. त्याचे ग्रंथ मुख्यतः ख्रिस्ती लेखकांनीं नकलून राखिले. कांहीं तर केवळ आर्मेनियन भाषांतरांतच उरले आहेत. वरच्या इजिप्तांत कॉप्टॉस येथें १८८९ सालीं त्याच्या दोन प्रबंधांची पपायरसची पोथी भिंतींत दडविलेली सांपडली, हें संग्राहकांस रुचेल.

फायलोस निव्वळ रूपककार म्हणण्याचा प्रघात आम्हांस मान्य नाहीं. लेवीय ग्रंथाच्या ११ व्या अध्यायांत रवंथ करणारें व दुभंगलेल्या खुरांचें जनावर भक्ष्य ठरविलें आहे. रवंथ म्हणजे गुरुमुखांतून ऐकिलेल्याचें मनन, व दुभंगलेला खूर म्हणजे सदसद्विवेक, असें फायलो म्हणतो. उंट रवंथ करितो, पण त्याचा खूर त्या विधीप्रमाणें दुभंगलेला नाहीं. पाठ आहे, विवेक नाहीं. (असे उंट कोणत्याही पाठशाळेंत आढळतील.) डुकराचें मांस अत्यंत रुचकर म्हणूनच वर्ज्य केलें, असेंही तो सांगतो. तेव्हां येथें विधि पाळणें हाच जिव्हेचा निग्रह.

शब्बाथाचा गूढार्थ उमगला म्हणून त्या दिवशीं अग्नि पेटविण्यास आपण मोकळे झालों, असें मानणाऱ्यांस ‘अब्राहामाचें स्थलांतर’ या प्रबंधांत त्यानें फटकारिलें आहे. विधि हा देह, अंतरर्थ हा आत्मा. आत्म्याचें घर म्हणून देह जपावा, असा त्याचा युक्तिवाद आहे. आमच्या साहित्यशास्त्राप्रमाणें ही लक्षणा नव्हे, कारण लक्षणेस मुख्यार्थाचा बाध लागतो. आनंदवर्धनाचा विवक्षितान्यपरवाच्य ध्वनि याच्या अधिक जवळ आहे. तेथें वाच्यार्थ अभिप्रेत असूनच अन्यपर होतो.

परंतु ‘स्वप्नांविषयीं’ या प्रबंधांत फायलोनें हें धोरण सोडिलें. गहाण घेतलेलें वस्त्र सूर्यास्तापूर्वीं परत करावें, अशी निर्गम ग्रंथाच्या २२ व्या अध्यायांत आज्ञा आहे. विश्वकर्त्यानें एका वस्त्राची इतकी चिंता वाहावी हें त्यास असंभाव्य वाटतें. म्हणून वस्त्र म्हणजे मनुष्याची विवेकवाणी, असें तो ठरवितो. हा बाध ओढून आणिलेला आहे. हेतु मूळ वाक्यांतच दिला आहे: ऋणकोपाशीं दुसरें पांघरूण नाहीं, मग तो निजावें कशांत? त्यानें हांक मारिली तर आपण ऐकूं, असें देव तेथेंच सांगतो. इतका स्पष्ट हेतु असतां मुख्यार्थ टाकण्यास कोणता मीमांसक धजेल? शिवाय साधनाच पाहिजे होती तर ती वाच्यार्थांतच होती. धनकोस रोज सायंकाळीं हातचें तारण सोडावें लागतें. मांसाच्या प्रकरणीं फायलोस जें दिसलें, तें येथें निसटलें. त्याच्या अंतरर्थाचे उतारे देणाऱ्या आधुनिक टीकाकारांनीं हे दोन प्रबंध शेजारीं ठेवून वाचावेत.